उतारावरून उतरल्यासारखी चाल

रबीउलअव्वल महिन्यात रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या एका परिचितांच्या घरी गेलो होतो. संध्याकाळी मौलूद, म्हणजे पैगंबरांच्या जन्माच्या गुणगानाचा कार्यक्रम होता, त्यामुळे ओटीवर सतरंज्या झटकल्या जात होत्या, आतून तुपात परतल्या जाणाऱ्या रव्याचा आणि वेलचीचा वास येत होता, आणि त्या सगळ्या धावपळीत घरातली शाळकरी नात जमिनीवर पालथी पडून वहीत चित्रे चिकटवत होती. थोर व्यक्तींविषयीचा शाळेचा प्रकल्प होता. दुकानातून आणलेल्या तक्त्यातून तिने शिवाजी महाराज कापले होते, जोतीराव आणि सावित्रीबाई कापल्या होत्या, बाबासाहेब आणि गाडगेबाबा कापले होते. एक पान तिने पैगंबरांसाठी राखून ठेवले होते आणि त्या पानावर काय चिकटवायचे हे तिला कळत नव्हते. तिने दादीला विचारले, ‘‘ते दिसायचे कसे?’’ शेगडीवरचा हात न काढता दादी म्हणाली, ‘‘लिही.’’ आणि तिने सांगायला सुरुवात केली. फार उंच नव्हते, ठेंगणेही नव्हते. केस अगदी कुरळे नव्हते आणि अगदी सरळही नव्हते. उतारावरून उतरावे तसे किंचित पुढे झुकून, पाय उचलून चालायचे. कोणी हाक मारली तर नुसती मान वळवायचे नाहीत, सगळे अंग त्या माणसाकडे वळवायचे. डोक्यात आणि दाढीत मिळून वीससुद्धा पांढरे केस नव्हते. मुलगी भराभर लिहीत होती. मध्येच थांबून तिने विचारले, ‘‘हे तुला कोणी सांगितलं?’’ दादी म्हणाली, ‘‘माझ्या अब्बांनी. त्यांना त्यांच्या उस्तादांनी.’’

पांढऱ्या केसांच्या त्या मोजदादीने मला कित्येक दिवस सोडले नाही. आपल्याकडे घराघरांत चित्रे आहेत. दिनदर्शिकेवर, देवघराच्या बाजूला, एसटीच्या चालकासमोर, सरकारी कचेरीत साहेबांच्या खुर्चीमागे. ज्ञानेश्वर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक कोवळा, शांत, अर्धोन्मीलित डोळ्यांचा चेहरा येतो आणि तो चेहरा कोणा चित्रकाराने कित्येक शतकांनंतर कल्पनेने काढला आहे हे आपण विसरूनही गेलेलो असतो. तुकोबांचेही तेच. पण तुकोबा चालायचे कसे, हसताना त्यांचे दात दिसायचे का, जेवताना ताटातले काय आधी उचलायचे, हे आपल्याला माहीत नाही. ज्यांचे चित्र आपल्यापाशी आहे त्यांची चाल आपल्याकडे नाही, आणि ज्यांचे चित्र काढायचे नाही असे बहुतेक अनुयायांनी ठरवले, त्यांच्या डोक्यातले पांढरे केससुद्धा मोजून ठेवलेले आहेत. इतिहासाच्या पुस्तकांतून मला पैगंबरांची जी ओळख झाली होती ती सनावळ्यांची होती: 570 च्या सुमारास जन्म, 610 मध्ये हिरा गुहेतला साक्षात्कार, 622 मध्ये मक्केहून मदिनेला हिजरत, 630 मध्ये मक्केचा पाडाव, 632 मध्ये निधन. या ओळखीत चालणारा माणूस कुठे नव्हता.

चित्रे मुळीच काढली गेली नाहीत असेही म्हणता येत नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभी इराणात, तब्रीझ इथे तयार झालेल्या हस्तलिखितांत पैगंबर चेहऱ्यासह रंगवलेले आहेत. पुढे चित्रकारांनी त्या चेहऱ्यावर पांढरा पडदा ओढला आणि मस्तकाभोवती सोनेरी ज्वाला काढल्या. पण तो राजेरजवाड्यांच्या ग्रंथालयांतला मामला होता. सामान्य माणसाच्या भिंतीवर जे लटकले ते वेगळेच. सतराव्या शतकात इस्तंबूलमध्ये हाफिज उस्मान नावाचा थोर सुलेखनकार होऊन गेला. पैगंबरांचे जावई हजरत अली यांनी केलेले त्यांचे वर्णन त्याने एका वर्तुळात सुंदर अक्षरांत बसवले, चार कोपऱ्यांत पहिल्या चार खलिफांची नावे घातली, आणि ‘आम्ही तुला सर्व जगांसाठी केवळ दया म्हणून पाठवले’ या अर्थाची कुराणातली आयत त्याखाली लिहिली. याला हिल्ये म्हणतात. तुर्की घरांत, जिथे आपण तसबीर लावू नेमक्या त्या जागी, ते लावण्याची प्रथा पडली. बघणाऱ्याने डोळ्यांनी वाचायचे आणि मनात रंगवायचे. हिल्येची छायाचित्रे मी पाहिली तेव्हा मला प्रथम त्याच्या गोलाईचे कौतुक वाटले, आणि मग लक्षात आले की खाडीकाठची दादी जे सांगत होती ते शब्दशः तेच होते. फार उंच नाही, ठेंगणे नाही, उतारावरून उतरल्यासारखी चाल. अलींच्या त्या वर्णनात शेवटी असे म्हटले आहे की जो त्यांना एकाएकी पाही तो दबून जाई, आणि जो सहवासात येई तो त्यांच्यावर प्रेम करू लागे.

अलींच्याही आधी एका परक्या बाईने त्यांचे चित्र शब्दांत काढले होते, असे परंपरा सांगते. हिजरतीच्या वाटेवर, मक्केचे लोक जिवावर उठलेले असताना, पैगंबर आणि त्यांचे सोबती अबू बक्र एका राहुटीपाशी थांबले. तिथे उम्म मअबद नावाची बाई राहत असे आणि वाटसरूंना खायला-प्यायला देत असे. त्या वर्षी दुष्काळ होता, तिच्याकडे देण्यासारखे काही नव्हते. कळपाबरोबर चालवत नाही म्हणून मागे राहिलेली एक मरतुकडी बकरी तेवढी होती. त्या बकरीला दूध आले, सगळे पोटभर प्याले आणि पुढे निघून गेले. संध्याकाळी नवरा घरी आला, भरलेले भांडे पाहून चकित झाला आणि म्हणाला, त्या माणसाचे वर्णन कर. मग ती बाई बोलू लागली: चेहरा उजळ, पोट सुटलेले नाही, डोळे काळेभोर, पापण्या लांब, आवाजाला किंचित घोगरेपणा, गप्प असले की भारदस्त, बोलू लागले की शब्द ओवलेल्या मोत्यांसारखे, ना कमी ना जास्त, लांबून पाहिले तर सर्वांत देखणे आणि जवळून पाहिले तर सर्वांत गोड. बकरीच्या दुधाचे ज्याने त्याने काय मानायचे ते मानावे. मला त्यातला घोगरा आवाज खरा वाटतो. भक्तीने रचलेल्या वर्णनात आवाज मधुर असता, मेघगंभीर असता. ऐन दुष्काळात, एकदाच भेटलेल्या माणसाच्या आवाजातली ती खरखर लक्षात ठेवायला कान तयार लागतो.

नातीचा तो प्रश्नही नवा नव्हता. पैगंबरांचे निधन झाले तेव्हा त्यांचा नातू हसन जेमतेम सात वर्षांचा होता. आजोबा नमाजात कपाळ जमिनीला टेकून सजद्यात असताना पाठीवर चढून बसणारा हा मुलगा; तो उतरेपर्यंत आजोबांनी सजदा लांबवल्याच्या हकीकती आहेत. सात वर्षांच्या मुलाला आजोबांची पाठ आठवते, हाताचा स्पर्श आठवतो. चेहरा मात्र हळूहळू पुसट होत जातो. मोठेपणी हसन आपल्या मामांकडे, हिंद बिन अबी हाला यांच्याकडे गेले. हे पैगंबरांच्या पहिल्या पत्नी खदीजा यांचे आधीच्या विवाहापासूनचे पुत्र, म्हणजे पैगंबरांच्या घरात वाढलेले, आणि वर्णन करण्यात त्यांचा हातखंडा होता. हसन म्हणाले, मला त्यांचे असे काही सांगा की जे मी धरून ठेवू शकेन. मामांनी सांगितले, आणि ते वर्णन लांबलचक आहे: कपाळ, भुवया, रागाने फुगणारी भुवयांमधली शीर, रुंद खांदे, मोठे तळहात, आणि मग स्वभाव: बहुतेक वेळ गप्प, नेहमी कसल्यातरी विचारात, मनावर सदैव एक खिन्नता, हसणे म्हणजे बहुधा स्मितच. हसनांनी हे धन काही काळ धाकट्या भावापासून, हुसैनपासून, लपवून ठेवले. मग एकदा सांगायला गेले तर कळले की हुसैनने मामांना हे सगळे आधीच विचारून घेतले आहे, शिवाय आजोबा घरात कसे असत आणि बाहेर कसे असत हे वडिलांकडूनही काढून घेतले आहे. पुढे ज्यांच्या नावाने इतिहास हळहळला, त्या दोन भावांमधली ही चढाओढ वाचताना मला फार आपलेपणा वाटतो.

हे सगळे एका जागी गोळा केले ते तिर्मिझी यांनी. मध्य आशियातल्या अमूदर्या नदीकाठच्या तिर्मिझचे हे विद्वान नवव्या शतकात होऊन गेले, म्हणजे पैगंबरांनंतर अडीचशे वर्षांनी, आणि अरबस्तानापासून शेकडो कोस दूर. त्यांच्या ‘शमाइल’ या संग्रहात चारशेच्या आसपास नोंदी आहेत आणि त्यांची प्रकरणे पाहिली की चरित्र या गोष्टीविषयीची आपली कल्पनाच हलते. केसांवर एक प्रकरण, केस विंचरण्यावर एक, जोड्यांवर एक, अंगठीवर एक, रोटीवर एक, कालवणावर एक, उशीवर, हसण्यावर, विनोदावर, रडण्यावर. प्रत्येक नोंदीच्या आधी नावांची साखळी: मला अमक्याने सांगितले, त्याला तमक्याने, त्याला अमुक एका साहाबीने, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्याने, ज्याने ते डोळ्यांनी पाहिले. या साखळीतला प्रत्येक माणूस कुठे राहत होता, कोणाला भेटला होता, त्याची स्मरणशक्ती म्हातारपणी ढासळली होती का, यांचे एक स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले आणि बुखारींसारख्या संग्राहकांनी असंख्य नोंदी बाजूला सारून थोड्याच स्वीकारल्या. तरीही सगळ्या साखळ्या पक्क्या नाहीत. काही कच्च्या आहेत हे हदीस, म्हणजे अशा नोंदी, जमवणाऱ्या जुन्या विद्वानांनी स्वतःच नमूद केले आहे. तिर्मिझींविषयी असे सांगतात की आयुष्याच्या अखेरीस त्यांची दृष्टी गेली.

वस्तू राहिल्या नाहीत. राजांना पाठवायच्या पत्रांवर उमटवण्यासाठी पैगंबरांनी चांदीची अंगठी करवली होती, तिच्यावर तीन ओळींत नाव कोरलेले होते. ती पहिले खलिफा अबू बक्र यांच्याकडे गेली, मग उमर यांच्याकडे, मग उस्मान यांच्याकडे. आणि उस्मान एकदा मदिनेतल्या अरीस नावाच्या विहिरीच्या काठावर बसलेले असताना ती आत पडली. तीन दिवस शोधली, विहिरीतले पाणी उपसले, सापडली नाही. निधनसमयी त्यांचे चिलखत एका ज्यू माणसाकडे जवाच्या बदल्यात गहाण होते. अरबस्तानाचा मोठा भाग ज्यांच्या शब्दात आला होता त्यांच्या घरची ही स्थिती.

शब्दच काय ते उरले, आणि ते शब्द ज्यांनी सांभाळले ते मुत्सद्दी नव्हते.

पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांना कोणीतरी विचारले की पैगंबर घरी काय करत असत. घरच्यांच्या कामात असत, त्या म्हणाल्या. आपले जोडे आपणच शिवत, कपड्याला ठिगळ लावत, बकरीचे दूध काढत. अनस हा दहा वर्षांचा मुलगा आईने त्यांच्या सेवेला ठेवला होता. दहा वर्षांत त्यांनी मला एकदाही ‘उफ्’ म्हटले नाही, आणि हे का केलेस किंवा हे का केले नाहीस असेही विचारले नाही, असे तो पुढे सांगत असे. या अनसचा एक धाकटा भाऊ होता, त्याच्याकडे एक छोटा पक्षी होता. पक्षी मेला, पोर हिरमुसून बसले. पैगंबर घरी आले, त्याच्यापाशी गेले आणि त्याला मोठ्या माणसासारखे ‘अबू उमैर’ म्हणून हाक मारून त्यांनी विचारपूस केली की तुमच्या नुगैरचे काय झाले. अरबीत या वाक्याला यमक आहे, म्हणजे त्यांनी पोराची समजूत यमक जुळवून काढली. एक नवा धर्म, एक नवे राज्य, चहूबाजूंनी शत्रू, आणि त्यात एका मेलेल्या पाखराची चौकशी चौदाशे वर्षे टिकून राहिली. कोणाला तरी ती राज्याइतकीच जपण्यासारखी वाटली.

भक्त आपल्या गुरूची कुसळे वेचून टाकतात, असा माझा अनुभव आहे. चरित्र लिहायला घेतले की चिडचिड जाते, शंका जाते, हरणे जाते. इथे मात्र पैगंबरांना दिलेली कानउघाडणी थेट कुराणातच आहे. ते कुरैश टोळीच्या एका बड्या माणसाला समजावण्यात गुंतलेले असताना इब्न उम्म मक्तूम नावाचे एक अंध गृहस्थ काही विचारायला आले. पैगंबरांच्या कपाळाला आठी पडली, त्यांनी तोंड फिरवले. आंधळ्याला ती आठी दिसणे शक्यच नव्हते. पण त्या आठीवर आयती उतरल्या आणि त्या आजही नमाजात म्हटल्या जातात. मदिनेत आल्यावर लोक खजुराच्या झाडांवर हाताने परागण करताना त्यांनी पाहिले, तसे न केले तर चालेल असे वाटून ते बोलून गेले, लोकांनी सोडून दिले आणि पीक घटले. तुमच्या दुनियेतले कामकाज तुम्हालाच जास्त कळते, असे ते म्हणाले. आणि बरीरा! ही मुक्त झालेली दासी. मुक्त झाल्यावर तिने आपल्या गुलाम नवऱ्याला, मुगीसला, सोडले. तो मदिनेच्या गल्ल्यांतून तिच्यामागे रडत फिरे, अश्रू दाढीवरून ओघळत. पैगंबरांना त्याची कणव आली; ते बरीराला म्हणाले की तू त्याच्याकडे परत गेलीस तर. तिने विचारले, ही आज्ञा आहे का? ते म्हणाले, नाही, मी फक्त रदबदली करतो आहे. मग मला तो नको, असे ती म्हणाली. बाजारात विकत घेता येईल अशी जी बाई कालपरवापर्यंत होती, तिने अल्लाहच्या प्रेषिताची विनंती नाकारली, आणि पुढच्या विद्वानांनी तो नकार शब्दशः उतरवून घेतला.

याच पुस्तकांत असेही काही आहे की जिथे माझे वाचन अडखळते. 627 साली खंदकाच्या वेढ्यानंतर बनू कुरैझा या ज्यू टोळीवर करार मोडल्याचा आरोप ठेवला गेला आणि साद बिन मुआझ यांच्या निवाड्याप्रमाणे तिच्या पुरुषांना ठार करण्यात आले. स्त्रिया आणि मुले बंदी झाली. आजचे अभ्यासक या हकीकतीच्या तपशिलांवर आणि आकड्यांवर वाद घालतात, त्या काळचा युद्धाचा रिवाज समोर ठेवतात. तो सगळा युक्तिवाद वाचूनही ते पान माझ्याकडून सहज उलटले जात नाही, आणि ते सहज उलटले जावे अशी माझी इच्छाही नाही. ही हकीकत आपल्यापर्यंत आली ती शत्रूंच्या बखरीतून नव्हे, श्रद्धावंत चरित्रकारांकडूनच आली. त्यांना ती लपवण्यासारखी वाटली नाही, यातून त्यांचा काळ कळतो. पाखरासाठी थांबणारा आणि सेना घेऊन निघणारा माणूस एकच होता. यांपैकी एकालाच खरे मानणारे दोन्ही बाजूंना पुष्कळ भेटतात.

वहशीची गोष्ट मला या दोन टोकांच्या मधे कुठेतरी उभी असलेली दिसते. 625 मध्ये उहुदच्या लढाईत या हबशी गुलामाने भाला फेकून पैगंबरांचे चुलते हमजा यांना मारले होते. त्याबदल्यात त्याला स्वातंत्र्य मिळाले. हमजा हे नुसते चुलते नव्हते, एकाच दाईचे दूध प्यायलेले, जवळजवळ समवयस्क सोबती होते. मक्का जिंकल्यावर वहशी जीव मुठीत धरून पळाला आणि शेवटी स्वतःच पैगंबरांपुढे येऊन उभा राहिला, मुसलमान झाला. त्याला क्षमा मिळाली. पण हमजांना कसे मारले ते त्यांनी त्याच्या तोंडून ऐकले आणि मग विचारले की तुझा चेहरा माझ्यासमोर येणार नाही असे तुला करता येईल का. वहशी निघून गेला, आणि त्यांच्या हयातीत पुन्हा समोर आला नाही. ही हकीकत खुद्द वहशीनेच म्हातारपणी सांगितलेली आहे. क्षमा पूर्ण दिली आणि दुःख होते तिथेच राहिले; हे दोन्ही एकाच माणसात शेजारी राहू शकते हे त्यांनी झाकले नाही.

त्यांच्या आयुष्यात दुःख मोजावे तर संपत नाही. जन्माआधी वडील गेले, सहाव्या वर्षी प्रवासात अबवा इथे आई गेली आणि उम्म ऐमन या दासीने पोरक्या मुलाला मक्केला परत आणले, आठव्या वर्षी आजोबा गेले. खदीजा आणि चुलते अबू तालिब 619 मध्ये एकाच वर्षी गेले. मुलगे लहानपणीच गेले, चार मुलींपैकी तिघी त्यांच्या हयातीतच गेल्या. शेवटचा मुलगा इब्राहीम दीड वर्षाचाही होता न होता तोच, 632 च्या जानेवारीत गेला; मांडीवर त्याचा श्वास मंदावत असताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, तेव्हा कोणीतरी म्हणाले, आपणसुद्धा? ते म्हणाले, डोळे रडतात, मन दुखते, पण आमच्या पालनकर्त्याला रुचेल तेवढेच आम्ही बोलतो. त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले, इब्राहीमसाठी सूर्य झाकोळला. चमत्कार आयता चालून आला होता, आणि त्या दिवशी त्या बापाला कोणी काही म्हटले नसते. त्यांनी लोकांना गोळा केले, नमाज झाली आणि त्यांनी सांगितले की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरणाने किंवा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही.

चार-पाच महिन्यांनी, जूनमध्ये, आयेशांच्या खोलीत त्यांचे निधन झाले. उमर तलवार उपसून म्हणत राहिले की ते गेलेले नाहीत, आणि अबू बक्र यांनी लोकांना सांगितले की जो मुहम्मदांची पूजा करत होता त्याने समजावे की ते गेले. जो अल्लाहची उपासना करतो त्याच्यासाठी अल्लाह जिवंत आहे.

त्यानंतर माणसे दूरदूर पांगली, इराकात, शामात म्हणजे सीरियात, मिसरात म्हणजे इजिप्तमध्ये, आणि प्रत्येक जण आपापल्या वाटणीची आठवण घेऊन गेला. ‘उफ्’ न ऐकलेला तो अनस बसऱ्याला जाऊन राहिला आणि पुढे ऐंशीएक वर्षे जगला. पैगंबरांना पाहिलेल्या बसऱ्यातल्या माणसांपैकी तो शेवटच्या काहींतला. तरुण मंडळी त्याच्याकडे येत, ऐकत, लक्षात ठेवत. त्याने सांगितलेल्यांत एक हकीकत मदिनेतल्या एका शिंप्याची आहे. शिंप्याने पैगंबरांना जेवायला बोलावले, अनस बरोबर गेला. जवाची रोटी होती, सुकवलेले मांस आणि दुध्या घातलेला रस्सा होता. अनसने पाहिले की पैगंबर थाळीच्या कडेकडेने दुध्याच्या फोडी शोधून खात आहेत. त्या दिवसापासून मला दुध्या आवडतो, असे अनस म्हाताऱ्या वयातही सांगत असे, आणि ऐकणाऱ्यांनी तेही साखळीसकट लिहून घेतले. शिंप्याचे नाव त्यात आलेले नाही, रश्शात काय काय होते ते मात्र आले आहे.